नानीला घेऊन विजापूरला

जानेवारीत आमच्या धाकट्याच्या शाळेत शिवजयंतीच्या नाटकाची तयारी सुरू झाली. तो चौथीत आहे. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज असल्याने वर्गातल्या प्रत्येक मुलाला मावळा व्हायचे असते. मावळे भरपूर झाले, तेव्हा आमच्या चिरंजीवांच्या वाट्याला आदिलशाही दरबारातला शिपाई आला. "तू विजापूरवाला हो, तुला शोभतंय," असे त्याचा एक दोस्त हसत म्हणाला. त्यात खोट काही नव्हती. हाच दोस्त दर ईदला आमच्याकडे शीरखुर्म्याचे दोन पेले रिकामे करतो. पण पोराने ते वाक्य मनात ठेवले आणि रात्री जेवताना विचारले, "अम्मी, अपन बिजापुरवाले हैं क्या?"

वीस वर्षे मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात असा प्रश्न आला असता तर खडू उचलून फळ्यावर काहीतरी लिहिले असते. घरच्या दस्तरखानवर मात्र फळा नसतो. "नहीं बेटा, अपन कोल्हापुरवाले," असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. माझेही झाले नव्हते.

माझी आई, म्हणजे मुलांची नानी, थंडीचे दोन महिने आमच्याकडे असते. वय चौऱ्याहत्तर. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मैं तो कब्बी देखीच नै बिजापुर. एक बार दिखाव रे." झाले! कोल्हापूरहून विजापूर जेमतेम १८० किलोमीटर. आम्ही दिल्ली-आग्रा पाहून आलो, हैदराबादला लग्नाला जाऊन चारमिनारसमोर फोटो काढून आलो. ज्या राजधानीचा पन्हाळ्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ अंमल होता, जिच्या सुलतानाच्या काळातला फारसी लेख आजही पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर आहे, तिथे मात्र घरातले कुणीही गेलेले नव्हते. २६ जानेवारीला जोडून रविवार आला होता. गाडी ठरवली आणि फजरची नमाज पढून निघालो.

अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली. मिरजेतून जाताना नानीने मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या दिशेने हात उचलून दुआ मागितली. कागवाडला दुकानांवरच्या पाट्या कन्नड झाल्या आणि धाकटा म्हणाला, "अब अपने कू कुच समझेंगा नै." अथणी, तिकोटा मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, मध्येच द्राक्षांचे मांडव. तिकोट्याच्या पुढे कुठेतरी क्षितिजावर एक काळपट घुमट दिसू लागला. शहर दिसत नव्हते, नुसता घुमट. तो बराच वेळ तसाच तरंगत राहिला.

सरकारदरबारी या शहराचे नाव २०१४ पासून विजयपूर आहे. मराठी माणसाच्या तोंडी अजून विजापूरच, आणि आमच्या घरात बिजापूर.

इथे अजून टांगे चालतात. नानीच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही एक टांगा केला. टांगेवाले चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी नानीला हात देऊन वर बसवले आणि विचारले, "कां कां जाना बोलो अम्मा, आरामसे दिखाताऊँ. घाई नक्को." धाकट्याने माझी ओढणी ओढली. "अम्मी, इनों तो नानीच के जैसा बोलरैं!"

इथे मला थोडे मागे जावे लागेल. आमच्या घरात जी भाषा बोलली जाते तिला आम्ही मुसलमानी म्हणतो, कुणी दखनी म्हणतात. हौ, नक्को, कायकू, मेरेकू. मी बी.एड. करत असताना उर्दूच्या पाठाला एका प्राध्यापकांनी सर्वांसमोर सांगितले होते की, तुमची उर्दू बिघडलेली आहे, ती आधी घरातून काढा. मी ती खरोखरच काढली. शीन-क़ाफ़ दुरुस्त केले, वर्गात लखनवी थाटात 'नहीं' आणि 'क्यों' म्हणू लागले. मुलांनी 'नक्को' म्हटले की मी वहीवर लाल रेघ मारते. नानी बोलू लागली की पाहुण्यांसमोर मला थोडे अवघडल्यासारखे होते, हेही कबूल करते. आणि इथे एक अनोळखी माणूस त्याच बोलीत, अगदी ऐटीत, आम्हाला शहर दाखवायला निघाला होता.

वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर एक सांगते. गोल घुमटाला सकाळी सहाला दार उघडते, तेव्हाच जा. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी गेलो आणि शाळांच्या सहलींत सापडलो. शिट्ट्या, आरोळ्या, हुर्यो. घुमट एकेका आवाजाचे सात-आठ आवाज करून परत देतो, त्यामुळे शंभर मुले ओरडली की काय होत असेल याची कल्पना करा. डोके धरून खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो, ते मात्र सार्थकी लागले.

मुहंमद आदिलशाहने स्वतःसाठी बांधलेला हा मकबरा. तो १६२७ ते १६५६ गादीवर होता. शहाजीराजे १६३६ नंतर ज्याच्या चाकरीत गेले तो हाच सुलतान. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि आतल्या दालनात एकही खांब नाही. एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानींवर सगळा भार तोलला आहे. बांधणाऱ्याचे नाव याकूत दाबुली असे घेतात. दाबुली म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचा. हे ऐकून माझे शोहर खूश झाले, कारण त्यांचे आजोळ त्याच पट्ट्यातले. खाली चौथऱ्यावर सुलतान, त्याच्या बेगमा, मुलगी आणि नातू यांच्या कबरींच्या खुणा आहेत. खऱ्या कबरी तळघरात. बेगमांच्या जोडीला रंभा नावाच्या नर्तकीचीही कबर इथे आहे. नानी चौथऱ्यापाशी बसून राहिली, फातिहा पढत. आम्ही कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने सात मजले चढलो.

वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. तिथे आम्ही आणि एक झाडूवाला, बाकी कुणी नव्हते. नववीतली आमची लेक समोरच्या टोकाला जाऊन भिंतीला कान लावून बसली. धाकट्याने भिंतीशी तोंड नेऊन हळूच विचारले, "आपा, मेरेकू सुनतीय क्या?" सव्वाशे फुटांवरून उत्तर आले, अगदी कानाशी बोलल्यासारखे, "हौ." मग तोही "हौ" म्हणाला, जरा मोठ्याने, आणि घुमट बराच वेळ हौ, हौ, हौ करत राहिला. एरवी त्या शब्दावर मी डोळे वटारले असते. खाली नानीने मान वर करून पाहिले. तिला वाटले, तिलाच बोलावताहेत.

संग्रहालय घुमटासमोरच्या नगारखान्यात आहे. तिथून जामा मशिदीत गेलो. पहिल्या अली आदिलशाहने सुरू केलेले हे काम, भव्य आणि साधे. सगळा थाट एका मेहराबीत, सोन्याच्या आणि रंगाच्या नक्षीत. शोहर आणि मुलाने जोहर अदा केली, आम्ही तिघींनी कमानींच्या सावलीत एका कोपऱ्यात. फरशीवर एकेका नमाजीसाठी आखलेल्या चौकटी आहेत, दोन हजारांच्या वर. त्या औरंगजेबाने करवून घेतल्या असे सांगतात. १६८६ मध्ये त्यानेच हे राज्य संपवले. मुसलमान बादशहाने मुसलमान सुलतानाचे राज्य बुडवले आणि मग त्याच्या मशिदीत चौकटी आखून दिल्या. लेकीने ते ऐकून घेतले आणि वहीत काहीतरी लिहिले. काय ते दाखवले नाही.

मुलुख-मैदान तोफेपाशी धाकटा सर्वांत जास्त रमला. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, वजन ५५ टनांच्या आसपास, तोंड सिंहाचे आणि त्याच्या जबड्यात हत्ती. इंग्रजांच्या काळात १८५४ मध्ये ती लिलावात १५० रुपयांना गेली होती, पण शेवटी सौदा रद्द झाला. दीडशे रुपयांत तर आता गाडीचे पंक्चरही निघत नाही, असे शोहर म्हणाले.

जेवायला एका खानावळीत गेलो. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. आमच्या कोल्हापुरी जिभांनी थोडी कुरकुर केली, रस्सा कुठे आहे म्हणून. पण नानीने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

या शहरात एक दिवस अपुरा पडतो आणि सगळे पाहायचा हट्ट धरला तर दोनही पुरत नाहीत. आसार महालाचे उंच लाकडी खांब, बारा कमान, ताज बावडी हे आम्ही टांग्यातूनच पाहिल्यासारखे पाहिले. इब्राहिम रौज्यात मात्र अर्धा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. एका चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहने बेगम ताज सुलताना हिच्यासाठी हा मकबरा उभारायला घेतला आणि तोही तिथेच दफन झाला. काम करवून घेणारा मलिक संदल. त्याचे नाव तिथल्या लेखात कोरलेले आहे. दारांच्या बाजूंच्या जाळ्या नुसत्या नक्षीच्या नाहीत, अरबी अक्षरेच कोरून आरपार केली आहेत. अक्षरांमधून उजेड आत येतो. मी मुलांना त्यातले अलिफ, लाम, मीम शोधायला लावले. मास्तरणीची खोड जात नाही.

हा इब्राहिम नऊ वर्षांचा असताना गादीवर आला, १५८० मध्ये. त्याच्या वतीने कारभार पाहिला चांदबिबीने, ती त्याची चाची. पुढे तिने अहमदनगरचा किल्ला मुघलांविरुद्ध लढवला हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी ती विजापूरची सून होती हे शिकवायचे राहून जाते. इब्राहिमने गाण्यांचे पुस्तक लिहिले, 'किताब-ए-नौरस'. ते फारसीत नाही, अरबीत नाही. ते दखनीत आहे. त्यात गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाजांची स्तुती आहे आणि सरस्वतीचीही. आमच्या काही वाचकांच्या भुवया वर जातील. मी इथे सुलतानाच्या अकीद्याचा निवाडा करायला बसलेली नाही. मला अडवले ते दुसऱ्याच गोष्टीने. जी बोली मी घरातून काढली होती, ती इथे तख्तावर बसलेली होती. पुढे याच दरबारात नुसरतीने दखनीत 'अलीनामा' लिहिला. हाशमी बिजापुरीने तर बायकांच्या तोंडची दखनी शायरीत आणली.

आणि ही दखनी बिघडली कशाने? मी रौज्याच्या पायरीवर बसून मोजू लागले. 'नक्को' म्हणजे आपले 'नको'. 'मैंच', 'उन्नोंच', 'देखीच नै' यातला 'च' सरळ मराठीतून आलेला. म्हणजे माझ्या उर्दूच्या प्राध्यापकांना जी घाण वाटत होती, ती मराठी होती. पोट भरण्यासाठी जे दोन विषय मी वेगवेगळ्या तासांना शिकवते, ते नानीच्या एका वाक्यात एकत्र नांदतात.

उलट बाजूनेही तसेच. पहिल्या इब्राहिमने, १५३४ ते १५५८ या काळात, राज्याच्या हिशेबांतून फारसी काढून हिंदवी आणली असे विजापूरच्याच दरबारात राहिलेला इतिहासकार फरिश्ता लिहितो. आपल्या भागापुरती ती हिंदवी म्हणजे मराठी, असे अभ्यासक सांगतात. गावचा कुलकर्णी मराठीत जमाखर्च लिहीत होता आणि तो विजापूरला चालत होता.

धाकट्याला अर्थात यातले काही नको होते. त्याला अफजलखानाची जागा पाहायची होती. मी टाळत होते. चाचा म्हणाले, टांगा तिकडे जायचा नाही, गाडीने जा. शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर, शेतांच्या मधून जाणाऱ्या खराब वाटेवर खानाने स्वतःसाठी बांधायला घेतलेला मकबरा आहे. तो रिकामा आहे. खान प्रतापगडाच्या पायथ्याशी दफन आहे. आणि त्याच भागात एका चौथऱ्यावर साठाहून अधिक कबरी आहेत, एकसारख्या, रांगांत. सपाट माथ्याच्या, म्हणजे बायकांच्या. लोक याला साठ कबर म्हणतात. १६५९ मध्ये मोहिमेवर निघताना आपण परतणार नाही असे भाकीत ऐकून खानाने आपल्या बायकांना विहिरीत लोटले, अशी दंतकथा आहे. दंतकथाच, कागदाचा पुरावा नाही. पण कबरी आहेत आणि त्या साठाच्या वर आहेत.

तिथे कुणी बोलले नाही. लेक रांगांमधून हळूहळू चालत गेली आणि परत आली. म्हणाली, "एकीवर पण नाव नाही." नानीने डोक्यावरून पदर घेतला आणि फातिहा पढली, खूप वेळ. धाकटा माझ्या जवळ येऊन उभा राहिला. त्याच्या मनात काय चालले आहे ते मला कळत होते. आपण विजापूरवाले असलो, तर हाही आपलाच का?

मी त्याला तिथे जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते. भेटीच्या वेळी शिवाजी महाराजांनी जे दहा अंगरक्षक सोबत नेले त्यांत सिद्दी इब्राहिम होता. महाराजांचे वडील याच शहराच्या दरबारात सरदार होते. "मग बाजू कुठली होती कुणाची?" त्याने विचारले. ज्याची चाकरी त्याची, असे मी म्हणाले. खान आपला कुणी लागत नाही. त्याने केलेले झाकायचे काम आपल्यावर नाही, आणि फेडायचेही नाही. "और ये औरतां?" त्याने कबरींकडे पाहत विचारले. नानी उठता उठता म्हणाली, "ये अपनी लगतीं."

परतीच्या आधी चाचांच्या सांगण्यावरून शहापूर टेकडीवर अमीनुद्दीन आला यांच्या दर्ग्याला गेलो. त्यांचे वडील बुरहानुद्दीन जानम आणि आजोबा मीराजी शम्सुल उश्शाक, तिघेही सूफी, तिघांनीही दखनीत लिहिले. सामान्य माणसाला फारसी कळत नाही म्हणून. विजापूरच्या सूफींनी चक्कीनामे रचले, जात्यावर दळताना बायकांनी म्हणायची गाणी. रिचर्ड ईटन या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये विजापूरच्या सूफींवर पुस्तक लिहिले, त्यात या गाण्यांना मोठी जागा आहे. बायका पहाटे दळत आणि त्या गाण्यांतून अल्लाहचे नाव घराघरांत पोचत असे. एका चक्कीनाम्यात जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा आहे.

हे मी मुलांना सांगत होते. नानी दर्ग्याच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "खुंटा अलिफ, हौ. हमारी दादी बोलती थी." मी थांबले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला मी कधी विचारलेच नव्हते की तुझी दादी दळताना काय म्हणायची. मराठी ओव्या मी पाठ्यपुस्तकातून शिकवते, जनाबाईंसकट. शेजारच्या घरी जात्यावर ओवी आणि आमच्या घरी चक्कीनामा, दोन्ही एकाच वेळी, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालत असणार. नानी हळूच गुणगुणली. सगळे शब्द आठवले नाहीत, चाल आठवली. लेकीने मोबाईल काढला आणि रेकॉर्ड केले, तेही नानीला न सांगता, कारण सांगितले असते तर ती लाजून थांबली असती.

येताना गाडीत धाकटा नानीला शब्द विचारत बसला आणि वहीत लिहीत गेला. तिकोट्यापासून मिरजेपर्यंत चार पाने भरली. मी त्यावर लाल रेघ मारली नाही.

नाटकात त्याला एकच वाक्य होते, "हुजूर, खान दरवाजे पर हाजिर हैं." तालमीत त्याने बाईंना विचारले की विजापूरचा शिपाई विजापूरसारखे बोलला तर चालेल का. बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. घरी येऊन तो आरशासमोर तलवार धरून उभा राहिला, "हुजूर, खान आको खडे हैं!" नानी स्वयंपाकघरातून ओरडली, "खडे हैं नै रे, खडेंच हैं बोल. कब के खडे हैं, मालूम होना ना राजा कू!"